सुपारी आणि साक्ष

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



काल रात्री आपण एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. पाहून झाल्यावर दौंडच्या एक ताई म्हणाल्या, "बायकांच्या शिबिरात मारेकऱ्याचा सिनेमा कशाला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचंच उत्तर मी आज देणार आहे.

'मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट' हा अर्व्हिंग लर्नर यांचा १९५८ सालचा सिनेमा. कमी खर्चात केलेला, जेमतेम ८१ मिनिटांचा. पुढे मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या दिग्दर्शकाने त्याचं ऋण मानलं, तरी तो फारसा कुणाला माहीत नाही. यातला क्लॉड साधा नोकरदार. त्याला घर घ्यायचंय आणि पगारात ते जमत नाही, म्हणून तो माणसं मारायचं काम धरतो. त्याला ना राग, ना वैर. हिशेब तेवढा चोख.

मग त्याला लॉस एंजलिसला पाठवतात. तिथे एका बड्या गुंडाविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाला संपवायचं असतं. तो माणूस म्हणजे बाई आहे हे कळताच क्लॉड बिथरतो. दुप्पट पैसे मागतो. बायकांचा अंदाज बांधता येत नाही, हे त्याचं कारण! इथे काल तुम्ही सगळ्या हसलात. मीही हसले. पण त्यानंतर पडद्यावर काय दिसतं? पोलिसांच्या पहाऱ्यात, घराबाहेर पाऊल न टाकता बसलेली, भेदरलेली, चिडलेली एक बाई. ती फार शूर नाही, फार गोडही नाही. पण तिने साक्ष द्यायचं ठरवलं आहे, आणि एवढ्यासाठी तिच्या जिवावर किंमत लागली आहे.

आपल्याकडे या व्यवहाराला 'सुपारी' म्हणतात. लग्न ठरलं की सुपारी फुटते, खून ठरला की सुपारी दिली जाते. दोन्हीकडे बैठक होते, देणंघेणं ठरतं, आणि जिच्याबद्दल ठरतं तिला बहुतेकदा कुणी विचारत नाही.

जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' आपल्या या साखरपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मारुती कांबळेचं काय झालं, हा त्यातल्या मास्तरांचा प्रश्न. तो मेलेल्या माणसाबद्दलचा आहे. आपल्याला मात्र जिवंत साक्षीदाराबद्दल विचारायचंय: तारखेपर्यंत तिचं काय होणार?

आपल्या बायकांना गप्प करायला क्लॉड लागत नाही. दीर येऊन म्हणतो, "पोरं परत दिसायची नाहीत." भाऊ म्हणतो, "धाकटीचं लग्न व्हायचंय, मिटवून टाक." आई रडते. मग कोर्टात ती म्हणते, मला काही आठवत नाही. कागदावर 'साक्षीदार फितूर' असं लागतं आणि आपणही म्हणतो, बाईच फिरली! बायांनो, ती फिरली नाही. तिला फिरवली.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा, अशी तरतूद आहे. बलात्कार, हुंडाबळी, विनयभंग यांच्या साक्षीदारांना तिचा आधार आहे. पण सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे आणि विनयभंगासारखी काही ठरावीक कलमं एवढीच तिची व्याप्ती. घरातल्या छळाच्या ४९८-अ कलमाला शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत. म्हणजे आपल्याकडे ज्या तक्रारी सर्वांत जास्त येतात, त्याच बाहेर राहिल्या! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. राज्याच्या योजनेत छळाच्या साक्षीदारांचा स्पष्ट समावेश हवा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर काय? तारखेला तिला एकटी पाठवू नका. एस.टी.त तिच्या शेजारी आपल्यातली एक बसलेली हवी. धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण आदेश मागा.

सिनेमाच्या शेवटी क्लॉड त्या बाईच्या मागे उभा असतो. ती पियानो वाजवत असते. हातातला टाय तिच्या गळ्याला आवळायचा असतो आणि त्याचा हात चालत नाही. ती वाचते. पण मारेकऱ्याचा हात थांबेल या भरवशावर आपल्याला कुणालाच कोर्टात पाठवता येणार नाही.

पुढच्या महिन्यात आपल्या भागातल्या ज्या बाईची साक्ष आहे, तिच्याबरोबर कोण जाणार? नावं आत्ताच लिहून द्या.