अभयदान



१८३२ साली मुंबईत कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध पारशी बांधवांसमवेत जैनही रस्त्यावर उतरले. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व शेठ मोतीशा यांनी पांजरापोळ संस्था उभारली. पूर्वजांनी जीव वाचविले. त्या जीवांचे भय घालविणे हे आपले कर्तव्य.

दहिसरच्या रस्त्यावरून आम्ही एक जखमी कुत्री घरी आणली. जखम भरली, पण रात्री दिवा मालवताच ती थरथरून रडे. मी रागावलो, ती अधिकच भ्याली. चूक माझीच होती. पशुवैद्यांनी तपासून सांगितले, "दुखणे नाही, एकटेपणाचे भय आहे." मग तिचे अंथरूण माझ्या खाटेजवळ घातले, मंद दिवा ठेवला. ते अंथरूण हळूहळू, थोडे थोडे दूर नेले. महिन्याभरात ती निर्धास्त झोपू लागली.

अन्नदान सोपे आहे. अभयदानासाठी रात्री जागाव्या लागतात. जय जिनेंद्र.