हाताला येणारे फोड



या व्यासपीठावर विद्वान मंडळी काव्यावर, इतिहासावर बोलतात. मी बोलणार आहे तो हाताला येणाऱ्या फोडांवर. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. मी डॉक्टर नव्हे, तेव्हा औषधाची चिठ्ठी माझ्याकडे मागू नये.

काही वर्षांपूर्वी एक गवंडी माझ्याकडे आला. बोटांच्या कडांना, तळहातांना आणि पायांच्या तळव्यांना साबुदाण्यासारखे बारीक, पाणी भरलेले फोड. कंड इतका की रात्र रात्र झोप नाही. 'लागण होईल' म्हणून मुकादमाने त्याला घरी बसवले होते; सोबत्यांनी पाण्याचा तांब्या वेगळा केला होता. आणि खरे सांगायचे, तर मीही त्याला चहा दिला तो वेगळ्या कपात! त्याने कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा न घेताच तो उठला.

त्या लाजेपोटी मी या रोगाविषयी वाचू लागलो. हा इसबाचाच एक प्रकार. १८७३ साली लंडनच्या टिलबरी फॉक्स या वैद्याने त्याचे वर्णन केले. घामाच्या नलिका तुंबून फोड येतात, असे त्याला वाटले. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले की पाणी साचते ते वरच्या त्वचेतील पेशींच्या मध्ये. तळहाताची कातडी जाड, म्हणून फोड लवकर फुटत नाही, आतच ठुसठुसतो. दोन-तीन आठवड्यांत तो सुकतो, साल निघते, भेगा पडतात. आणि पुष्कळदा तो पुन्हा उलटतो.

यात मुख्य गोष्ट ही, की हा रोग स्पर्शाने लागत नाही. पायाच्या बोटांतल्या चिखल्या लागू शकतात, आणि त्यांच्यामुळे काहींच्या हाताला असे फोडही येतात. म्हणून पायही तपासून घ्यावेत. दुकानातून मिळेल ते मिश्र मलम चोळू नये. नायटा असेल तर त्याने तो बळावतो. फोड फोडू नयेत.

कारणे अनेक. उपजत प्रवृत्ती, घाम, मनाचा ताण, निकेलसारखा धातू. कित्येकदा कारण सापडतच नाही. पण सिमेंटचे काय? ओले सिमेंट कातडी जाळते, आणि त्यातील क्रोमियमची एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी व पुन्हा काही दिवसांनी पाहिले की ती ओळखता येते. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले की हा दोष कमी होतो. डेन्मार्कने १९८३ साली तसा नियम केला. युरोपीय संघाने २००५ पासून दहा लाख भागांत २ भागांची मर्यादा घातली. म्हणजे हे गवंड्याचे नशीब नव्हे. टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्याकडेही धंद्यामुळे जडलेला रोग अपघाताप्रमाणे मानावा, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले होते. पण हक्क मागायला आधी रोगाचे नाव ठाऊक हवे. ज्याला आपण 'अंगातली उष्णता' म्हणून सोडून देतो, त्याची भरपाई कोण देणार?

तो गवंडी पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याला मी काय देऊ शकलो असतो? धुण्यास स्वच्छ पाणी, आतून सुती अस्तर असलेले हातमोजे, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यासाठी पगारी रजा, यांसाठी भांडलो असतो. पण त्याआधी द्यायला हवा होता तो सर्वांचाच कप. तुमच्या घराच्या भिंती ज्या हातांनी उभ्या केल्या, त्या हातांना फोड दिसले तर मागे सरू नका, एवढेच मागतो आणि आपली रजा घेतो.