पैसा वरचा, क्रम गावाचा



असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. माहेरच्या चुलीवर काय शिजवायचे, ते घरचीच माणसे ठरवतात. गावाच्या कारभाराचे मात्र तसे नाही. तेथे शिधा वरून येतो आणि त्याबरोबर काय शिजवायचे याचा हुकूमही येतो.

ही गोष्ट आजची नव्हे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिला अमेरिकेचे साहाय्य होते आणि आखणी दिल्लीची होती. गावाने फक्त राबायचे होते. 1957 साली बळवंतराय मेहता समितीने स्पष्ट सांगितले की, लोकांच्या हाती अधिकार दिल्यावाचून या कामात लोक मनापासून उतरणार नाहीत. त्या विचारातूनच 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. पुढे 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले आणि 29 विषयांची यादीही जोडली गेली. परंतु ते विषय प्रत्यक्ष सोपवणे राज्यांच्या मर्जीवर राहिले.

2015 साली संयुक्त राष्ट्रसंघाने 2030 पर्यंतची 17 उद्दिष्टे ठरवली. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने त्यांचे 9 विषय करून ते ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आणले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिली.

पाणी नको असे कोण म्हणेल? खानदेशच्या उन्हाळ्यात हंडाभर पाण्याचे मोल काय, हे आम्हांला न्यूयॉर्कहून कळवावे लागत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. समजा, एखाद्या गावात नळ आहेत, पण शिवारातला रस्ता पावसाळ्यात चिखलात जातो आणि केळीची गाडी अडून पडते. तरीही पाण्यासाठी बांधलेला रुपया त्या रस्त्यावर खर्च करता येत नाही. हेतू चांगला असूनही निर्णय गावाचा राहत नाही, तो असा.

मग करायचे काय? वरचे साहाय्य नाकारावे, असे आम्ही म्हणत नाही. 29 विषय माणसांसह आणि पैशासह सोपवा, ही मागणी राज्याकडे केलीच पाहिजे. पण दोन गोष्टी आपल्याच हातात आहेत. घरपट्टी हा गावाचा स्वतःचा पैसा. ती जितकी चोख भरली जाईल, तितका पंचायतीचा हात मोकळा होईल. दुसरी गोष्ट ग्रामसभा. आराखड्यावर बोलायची जागा तीच. तेथील सतरंजी रिकामी राहिली, तर गावाचा क्रम दुसराच कोणी तरी लावील. स्वराज्य दिल्लीहून टपालाने येत नसते. ते त्या सतरंजीवर बसून चालवावे लागते.