इरिडियमवाचूनचे प्रकाशरसायन

दाता-ग्राही रेणू म्हणजे दोन विरुद्ध स्वभावांचे भाग एकाच सांगाड्यात जोडलेला सेंद्रिय रेणू. दाता भाग इलेक्ट्रॉन सहज सोडतो, ग्राही भाग तो ओढून घेतो. कार्बाझोल हा नेहमीचा दाता. सायनो गट लावलेले बेंझिन हा नेहमीचा ग्राही. अशा रेणूवर योग्य रंगाचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन दात्याकडून ग्राहीकडे सरकतो. रेणूच्या एका भागात इलेक्ट्रॉनची उणीव होते, दुसऱ्यात भर पडते. या उत्तेजित अवस्थेत तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतो किंवा त्याला देऊ शकतो. अशा रीतीने हा रेणू उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ, ठरतो. येथे उष्णतेचे काम प्रकाश करतो, एवढीच त्यात भर.

प्रकाशाकडून काम करून घेण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतील बोलोन्या येथे जाकोमो चामिचान आणि पॉल झिल्बर यांनी रसायने भरलेल्या काचेच्या बाटल्या उघड्या उन्हात ठेवून प्रकाशाच्या अभिक्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथील उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत चामिचान यांनी ‘प्रकाशरसायनाचे भवितव्य’ या विषयावर व्याख्यान दिले. कोळसा ही साठवलेली सौरऊर्जा आहे आणि तो साठा अक्षय नाही, हा त्यांचा मुद्दा. ओसाड प्रदेशांत काचेच्या नळ्यांमधून, धुराविना चालणारे कारखाने त्यांनी त्या भाषणात कल्पिले. वनस्पती जे करतात ते माणसालाही साधेल, असा त्यांना विश्वास होता. चामिचान यांच्यापाशी दृष्टी होती, हवा तसा उत्प्रेरक नव्हता.

तो प्रथम धातूंच्या रूपाने हाती आला. २००८ मध्ये प्रिन्स्टन येथे डेव्हिड नाइसविच आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी रुथेनियमचे संयुग वापरून दृश्य प्रकाशात अल्डिहाइडची अभिक्रिया अशी घडवली, की उत्पादनाच्या उजव्या-डाव्या हातांसारख्या दोन त्रिमितीय रूपांपैकी हवे तेच मुख्यतः मिळाले. त्यानंतर रुथेनियम आणि इरिडियम यांची संयुगे प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाऊ लागली. अडचण पुरवठ्याची आहे. इरिडियम हा भूकवचातील अत्यंत दुर्मीळ धातूंपैकी एक असून तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून मिळतो. ज्या धातूचा पुरवठा दुसऱ्याच धातूच्या मागणीवर ठरतो, त्याच्या आधारावर मोठा उद्योग उभा करणे धोक्याचे.

सेंद्रिय पर्यायाची बीजे आधीच पडली होती. २००४ मध्ये ओसाका येथील शुनइची फुकुझुमी यांच्या गटाने अक्रिडिनियमच्या ग्राही वलयाला मेसिटिल हा दाता काटकोनाच्या जवळपास जोडला. पुढे नाइसविच यांनीच, आता नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, २०१२ मध्ये या रेणूच्या साहाय्याने अल्कोहोल गट अल्कीनला मार्कोव्हनिकोव्ह नियमाच्या (ज्या कार्बनवर हायड्रोजन अधिक, त्यालाच आणखी हायड्रोजन मिळतो) उलट बाजूने जोडून दाखवला.

त्याच वर्षी जपानच्या क्यूशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने एक रेणू प्रसिद्ध केला, तो मात्र विजेने उजळणाऱ्या सेंद्रिय दिव्यांसाठी. मधोमध दोन सायनो गटांचे बेंझिन, भोवती चार कार्बाझोल, नाव ४सीझेडआयपीएन. जागेच्या दाटीमुळे कार्बाझोल पिळून उभे राहतात. त्यामुळे दात्याची कक्षा आणि ग्राहीची कक्षा एकमेकांवर फारशी पसरत नाहीत आणि सिंगलेट (इलेक्ट्रॉनांची फिरकी विरुद्ध) व ट्रिपलेट (फिरकी समान) या उत्तेजित अवस्थांमधील ऊर्जेचे अंतर अत्यल्प उरते. विजेने उत्तेजित केलेल्या रेणूंपैकी तीन चतुर्थांश ट्रिपलेट अवस्थेत जातात आणि साध्या सेंद्रिय दिव्यात त्यांची ऊर्जा वाया जाते. येथे अंतर इतके कमी की खोलीतील उष्णताच त्यांना परत सिंगलेटमध्ये उचलते आणि प्रकाश बाहेर पडतो. यालाच विलंबित प्रतिदीप्ती म्हणतात.

मग २०१६ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील लुओ आणि झांग यांनी दिव्याचा हा रेणू निकेलच्या जोडीने उत्प्रेरक म्हणून वापरला आणि कार्बन-कार्बन बंध घडवले. पिळामुळे उत्तेजित अवस्था मायक्रोसेकंदांपर्यंत टिकते, म्हणून दुसऱ्या रेणूशी गाठ पडण्यास अवधी मिळतो. दिव्याला उपयोगी पडलेला गुण अभिक्रियेलाही उपयोगी पडला. दाता किंवा ग्राही बदलून रेणूची ऑक्सिडीकरणाची आणि क्षपणाची ताकद हवी तशी जुळवता येते, हे या कुटुंबाचे खरे सामर्थ्य.

सेंद्रिय रेणू प्रकाशात टिकत नाहीत, हा आक्षेप हमखास घेतला जातो. तो रास्त आहे. कार्बोक्सिलिक आम्लांच्या सान्निध्यात ४सीझेडआयपीएनमधील एक सायनो गट निघून त्या जागी अल्किल गट बसू शकतो. पण त्यातून बनणारा रेणू अधिक प्रबळ क्षपणक ठरल्याचेही आढळले आहे. तेव्हा आक्षेपाचे उत्तर धातूंकडे परतणे नव्हे, रचना सुधारणे हे आहे.

सुट्या रेणूंप्रमाणे पदार्थांतही ही जोडी कामी येते. दाता-ग्राही जोडीचे बहुलक प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी अभ्यासले जात आहेत. सौरघटात १९८६ मध्ये चिंग टांग यांनी दाता आणि ग्राही यांचे दोन थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता गाठली; २०१९ मध्ये यिंगपिंग झोऊ यांच्या गटाच्या ‘वाय-६’ या ग्राही रेणूने ती १५ टक्क्यांच्या वर नेली. दिवा, सौरघट आणि उत्प्रेरक या तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच: इलेक्ट्रॉन कोठे जाईल आणि तेथे किती वेळ थांबेल, हे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन यांसारख्या मुबलक मूलद्रव्यांच्या मांडणीतून ठरवता येते. म्हणून या क्षेत्रातील गुंतवणूक दुर्मीळ धातूंच्या शोधापेक्षा रेणूंच्या रचनेवर अधिक व्हावी.