घारीचं पान

धारूरच्या आमच्या बचत गटाच्या वहीत एक पान घारीच्या घरट्याचं आहे. घारी घरटं बांधतात ते थंडी-उन्हाळ्यात, आणि तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी ऊसतोडीला गेलेल्या. म्हणून वही गावात राहणाऱ्या सासूबाईंकडे. झाडापासून लांब उभं राहायचं; तारीख, झाड कोणतं, पिल्लं दिसली का, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगायचं.

घार तरी दिसते. गिधाडं आमच्या आयांनी मेलेल्या बैलावर थव्यानं पाहिली, आम्ही नाही. जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे. ते जनावर मेलं, गिधाडानं खाल्लं, की त्याची किडनी निकामी. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, म्हणून एक घरटं मोडलं तरी जोडीचं वर्ष वाया. रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावकरांनी सिस्केप संस्थेबरोबर अशी घरटी राखली आहेत.

तेव्हा म्हैस आजारी पडली तर विचारा, सुईत काय आहे? मेलॉक्सिकॅम चालेल का? आमच्या एकीनं विचारलं तर डॉक्टर हसले, पण बाटली दाखवली. त्या औषधाचं नावही आम्ही घारीच्या पानावरच लिहिलं.