ऑनलाइन दुकान उघडण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या फराळ गटाच्या सहा जणी या दिवाळीपासून ऑनलाइन दुकान सुरू करताहेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकीने पंधरा हजार घातलेत, म्हणजे ९० हजार रुपये. बँकेच्या हिशेबाने ही रक्कम लहान. पण यातले काही पैसे मुदतठेव मोडून आलेत, आणि एकीने तर बांगड्या गहाण ठेवून भांडवल वाढवू का, असं मला जिन्यात विचारलं. म्हणून मी आज बोलायला उभा राहिलो. कर्जखात्यात बरीच वर्षं काढल्यावर माणसाला दुसऱ्याच्या उत्साहात आकडे शोधायची सवय लागते, ती सहन करून घ्या.

अशा कार्यक्रमात लिज्जत पापडची गोष्ट कुणीतरी सांगतंच. १९५९ साली गिरगावातल्या सात बायका, उसने ८० रुपये, गच्चीवर वाळत घातलेले पापड. गोष्ट खरी आहे. मात्र आपण त्या ८० रुपयांचंच कौतुक करतो. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की पैशाचा हिशेब पहिल्यापासून चोख होता आणि नफा असो की तोटा, सगळ्यांचा मिळून होता.

आजवर तुमचा माल कुणी घेतला? ए विंगने, बी विंगने, त्यांच्या बहिणी-जावांनी. चकली मऊ पडली तर काकू लिफ्टमध्ये सांगतात, तुम्ही दुसरा डबा देता, विषय संपला. इथे पंचवीस वर्षांची ओळख जामीन राहते. ऑनलाइन दुकानात ही ओळख नसते. नांदेडच्या माणसाला तुमचं स्वयंपाकघर किती स्वच्छ आहे ते कसं कळणार? जे इथे न बोलता चालतं, ते सगळं तिथे लिहून द्यावं लागतं. दुकानाची तयारी म्हणजे मुख्यतः हेच. वेबसाइट भाचा दोन दिवसांत करून देईल.

आधी किंमत. आपण गेल्या रविवारी वही घेऊन बसलो होतो, त्यातला भाजणीच्या चकलीचा एक किलोचा हिशेब सांगतो. भाजणी, तेल, तीळ, ओवा, तिखट मिळून २३० रुपये. गॅस-वीज २०. पिशवी, खोका, लेबल ४५. इथवर सगळ्यांनी भराभर सांगितलं. मग मी विचारलं, मजुरी? सगळ्या हसल्या. "काका, आमची कसली मजुरी!" अहो, हाच तर खर्च आहे! किलोमागे एक तास धरला आणि तासाला फक्त १०० रुपये लावले, तरी एकूण ३९५ होतात. तुम्ही विकत होता ४०० ला. म्हणजे दिवाळीचे पंधरा दिवस सहा जणी किलोमागे पाच रुपयांसाठी राबत होत्या. जी नफा वाटत होती ती तुमची स्वतःचीच मजुरी होती.

आता यात ऑनलाइनचे खर्च घाला. पैसे गोळा करून देणारी पेमेंट गेटवे कंपनी साधारण दोन टक्के घेते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. पाचशेच्या ऑर्डरमागे ११ रुपये ८० पैसे गेले. कुरिअर शंभर-सव्वाशे धरा. वाटेत मोडलेल्या चकल्यांची भरपाई वेगळी. म्हणजे ५४० च्या खाली विकणं परवडत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चकली चारशेला मिळते.

कुरिअरचं आणखी एक गणित आहे. तिथे नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा पाच हजाराने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्या आकड्यावर. ३० बाय २५ बाय २० चा खोका घ्या. गुणाकार १५ हजार, भागिले पाच हजार, झाले तीन किलो. आत चिवडा असेल एकच किलो! चिवडा फुगतो, चकली मोडते. उलट मेतकूट, गोडा मसाला, उपासाची भाजणी, डिंकाचे लाडू हे जड, जागा कमी घेणारे, आणि घरच्या चवीचे बाहेर सहज मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर बावीस पदार्थांची यादी फाडा. हे चार घेऊन सुरुवात करा. चकली-चिवडा सोसायटीतच विका, नव्या भावाने. (आम्ही घेऊ. थोडी कुरकुर करू, पण घेऊ.)

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. खाद्यपदार्थ घरून विकायचे तरी एफएसएसएआयकडे नोंद हवीच. अर्जात ऑनलाइन विक्री करणार हे स्पष्ट लिहा, म्हणजे साधी नोंदणी पुरते की परवाना लागतो ते तिथेच ठरेल. पाकिटावर तो चौदा आकडी क्रमांक, घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बनवल्याची आणि वापराची तारीख, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारीची हिरवी खूण. शेंगदाणे, तीळ, दूध असेल तर तेही ठळक लिहा. अनोळखी घरात कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीला राज्यातल्या राज्यात मालाच्या विक्रीसाठी ४० लाखांपर्यंत सूट आहे, पण परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी आधी नोंदणी. बेळगाव आपल्याला घरचं वाटतं, जीएसटीच्या लेखी ते परराज्य आहे! सुरुवातीला महाराष्ट्रापुरतंच ठेवा.

आता नाजूक विषय. सहा जणींचं आपसात काय ठरलंय? मला उत्तर मिळालं, "आमच्यात लिहायची गरज नाही." बँकेत मी हे वाक्य सख्ख्या भावांकडूनही ऐकलंय, आणि पुढे त्याच भावांना वेगवेगळ्या वेळी भेटायला येतानाही पाहिलंय. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, करारात काही लिहिलं नसेल तर नफा सगळ्यांना समान, आणि कामाचा वेगळा मोबदला कुणालाच नाही. एक जण पहाटे पाचला उठून भाजणी भाजते, दुसरीची सून बाळंतीण म्हणून ती महिनाभर येऊ शकत नाही, तरी वाटा सारखाच. हे चालेल का ते आत्ता, गोडीत असताना ठरवा. शिवाय फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराकडून पूर्ण वसूल होऊ शकतं, नुसतं तिच्या सहाव्या हिश्श्यापुरतं नाही. म्हणूनच बांगड्यांना माझा नकार आहे. ९० हजारांत जेवढं बसेल तेवढंच करायचं. करार करा, मजुरी तासाप्रमाणे लिहा, कुणी बाहेर पडली तर तिचे पैसे कसे द्यायचे तेही लिहा. फर्मच्या नावाने चालू खातं काढा आणि दोघींच्या सह्या ठेवा. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, तेही फर्मच्याच नावावर घ्या. भाचा गुणी आहे, पण उद्या तो परदेशी गेला आणि पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहिला तर दुकानाची किल्ली तिकडे गेली.

पहिल्याच आठवड्यात एक फोन येईल. पलीकडचा म्हणेल, मी लष्करात आहे, युनिटसाठी पन्नास डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. नीट ऐका: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपले जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी खात्यात जमा दिसल्याशिवाय डबा हलवायचा नाही. तरीही कुणी फसलीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, पहिला तास महत्त्वाचा असतो. आणि घरपोच दिल्यावर पैसे, ही सोय तूर्त नको. माणूस दार उघडत नाही, डबा परत येतो, जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही बहुतेक आपलंच, आणि तो लाडू पुन्हा विकता येत नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी मला आठवण केली आहे, तेव्हा सोसायटीचंही सांगतो. कमिटीला लेखी पत्र द्या. कुरिअरवाल्यांची वेळ दुपारी चार ते पाच ठेवा, खोके जिन्यात रचू नका, आणि वॉचमनला पार्सलं सांभाळायला लावायचं असेल तर त्याला वेगळे पैसे ठरवून द्या. तो आपला नोकर आहे, दुकानाचा नाही.

दुकान उघडण्यापूर्वी दहा डबे नातेवाइकांना पाठवा. नागपूर, नांदेड, कोल्हापूर, सावंतवाडी, असे लांबलांबचे पत्ते निवडा. पूर्ण पैसे घेऊन पाठवा, भेट म्हणून नाही. डबा किती दिवसांनी पोचला, कशा अवस्थेत पोचला, याचा फोटो मागवा. त्या दहा डब्यांचा हिशेब घेऊन शनिवारी संध्याकाळी पाचला सोसायटीच्या ऑफिसात या. करारनाम्याचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवतो. सहाही जणी या. निरोप देऊन चालणार नाही.