पाडव्याच्या दिवशी सोंगशानच्या पायथ्याशी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चीनच्या प्रवासाबद्दल बोला, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह गेली दोन वर्षे चालला होता. मी टाळत आले. कारण महिन्याभराच्या त्या मुक्कामात मी डोळे भरून पाहिले असे ठिकाण एकच. बाकीचे दिवस मुलीच्या खोलीत पोळ्या लाटण्यात गेले. तेव्हा त्या एका दिवसाबद्दलच सांगते.

माझी धाकटी मुलगी हेनान प्रांतातल्या झेंगझौ शहरी वैद्यकीचा अभ्यास करीत होती. २०१९ च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले. त्या वर्षी ५ एप्रिलला चिनी लोकांचा छिंगमिंग सण आला आणि दुसऱ्याच दिवशी आपला गुढीपाडवा. छिंगमिंगला पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करतात, आणि त्याच दिवसांत कोवळ्या हिरवळीवरून पायी फिरायला जाण्याचीही त्यांची जुनी रीत आहे. सर्वपित्री आणि वसंतोत्सव एकत्र आल्यासारखेच ते!

पाडव्याला पहाटे आम्ही खिडकीत गुढी उभारली. कळकाची काठी कुठून आणणार? फरशी पुसायच्या दांड्याला खण बांधला आणि त्यावर स्टीलचा पेला पालथा घातला. घरून वाळवून नेलेला कडुनिंब गुळाबरोबर खाल्ला आणि बसने निघालो. सुमारे ८० किलोमीटरवर सोंगशान पर्वताच्या पायथ्याशी डेंगफेंग गाव आहे. प्रसिद्ध शाओलिन मठ तिथलाच. भारतातून गेलेल्या बातुओ नावाच्या भिक्षूसाठी तो ४९५ साली स्थापन झाला. सारी गर्दी तिकडे लोटली होती. मुलगी म्हणाली, "आई, तिकडे नुसती माणसेच दिसतील. आपण पॅगोड्याकडे चालत जाऊ. पाच किलोमीटर आहे. तुझे गुडघे चालतील ना?"

गुडघ्यांनी कुरकुर केली, पण चालले. रस्ता चढाचा होता. दोन्ही बाजूंस गहू हिरवागार होता, आणि त्या गव्हातच मधूनमधून मातीचे उंचवटे. ती थडगी. आदल्या दिवशीचे कागद त्यांवर अजून फडफडत होते. आपल्याकडे शेतात एखादी समाधी असतेच की, तसेच मला ते वाटले. एका वळणावर एक आजी तांबूस कोवळ्या पाल्याच्या जुड्या घेऊन बसली होती. झाडाचे ते कोंब अंड्यात परतून खातात, असे मुलीने सांगितले. आजीने एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरले. वास चांगला उग्र होता! दोन जुड्या घेतल्या.

आणि मग पॅगोडा दिसला. सोंग्युए मंदिराचा हा पॅगोडा ५२३ साली, उत्तर वेई घराण्याच्या काळात बांधला गेला. चीनमध्ये उभ्या असलेल्या विटांच्या पॅगोड्यांत हाच सर्वांत जुना. उंची सुमारे ३७ मीटर, बाजू बारा. खालचा मजला उंच, आणि त्याच्या वर एकावर एक अशा पंधरा वळचणी, वर वर निमुळत्या होत गेलेल्या. त्यामुळे सबंध आकार एखाद्या टपोऱ्या कणसासारखा दिसतो. या जागी मुळात बादशहाचा राजवाडा होता, पुढे त्याचे मंदिर झाले. तो राजवाडाही राहिला नाही आणि त्या वेळची मंदिरेही. राहिल्या त्या विटा, आणि त्या सांधल्या आहेत निव्वळ पिवळ्या मातीने. आमच्या इमारतीला तीस वर्षांत दोनदा गिलावा करावा लागला, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण माझी नजर खिळली ती कमानींवर. पिंपळपानाकृती कमान! आपल्या मंडळाची सहल एकवीरेला गेली होती तेव्हा कार्ल्याच्या चैत्यगृहाचे मोठे गवाक्ष आपण सर्वांनी पाहिले. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्याच्या दर्शनी भागावरही तेच आहे, आणि ते लेणे या पॅगोड्याच्या आधी थोड्याच वर्षांचे. आपला बसका, घुमटाकार स्तूप चीनमध्ये गेला आणि तिथे उंच मनोरा झाला. पण बरोबर नेलेली ही खूण त्याने टाकली नाही. माहेरची एखादी लकब सासरी वर्षानुवर्षे टिकून राहावी तशी ती तिथे टिकून आहे.

आत गेलो नाही. प्रदक्षिणा घालू लागलो. दुसऱ्या फेरीत मुलगी माझ्या मागून चालत होती. मागूनच म्हणाली, "आई, मी दोन विषयांत नापास झाले आहे. मागच्याच वर्षी. तुम्हाला पास झाले म्हणून कळवले, ते खोटे होते."

भगिनींनो, तिच्या पहिल्या वर्षाची फी माझ्या पाटल्या मोडून भरली होती. मी काही बोलले नाही. तो समजूतदारपणा होता असे कृपा करून समजू नका. मला शब्दच सुचले नाहीत. मी चालत राहिले. एक बाजू, दुसरी बाजू, पुन्हा ती कमान. रागापेक्षा एकच गोष्ट मला जास्त लागली. वर्षभर दर रविवारी ती फोनवर हसून बोलत होती आणि मला, तिच्या आईला, त्यातले काही ऐकू आले नव्हते. तिसऱ्या फेरीच्या शेवटी मी विचारले, "परीक्षा पुन्हा कधी?" ती म्हणाली, "जूनमध्ये." मग आम्ही पायरीवर बसून लसणाच्या चटणीबरोबर दशम्या खाल्ल्या. समोरासमोर बसून हे सांगता आले नसते, असे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

जूनमध्ये ती दोन्ही विषयांत पास झाली. २०२० च्या जानेवारीत सुटीला घरी आली आणि साथीमुळे अडीच वर्षांहून अधिक काळ परत जाऊ शकली नाही, ते आपणांस ठाऊक आहेच. त्या काळात कोणत्या पेपरात किती गुण पडले, हे ती मला न विचारता सांगत असे. कमी पडले की आधी सांगे.

त्या दिवशी परतायला आम्हाला उशीर झाला. बसमध्ये पाल्याचा वास भरून राहिला होता, आणि पुढच्या बाकावरच्या बाई वळून वळून हसत होत्या. गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते, म्हणून मुलगी तीन मजले धावत वर गेली. मी खाली उभी राहून पाहत होते. अंधार पडलाच होता, पण खिडकीत तो पेला अजून चमकत होता.